गोरेवाड्याचा धीवर आणि तीन रॉ एडिटर

गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या गोरेवाडा तलावाच्या काठावर टिपलेल्या कवड्या धीवराची एकच रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदलेली कच्ची माहिती, घेऊन मी महिनाभर लाइटरूम क्लासिक, रॉथेरपी आणि डार्कटेबल हे तीन एडिटर तपासून पाहिले. हाच पक्षी निवडण्याचे कारण म्हणजे त्याची काळी-पांढरी पिसे. शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणे, जरा जास्त झाले, की काळ्या पिसाच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि चूक लपत नाही. अशाच एका फोटोची मी पूर्वी १२ बाय १८ इंचांची प्रिंट काढून घेतली होती, तेव्हा पक्षी कात्रीने कापून पाण्यावर चिकटवल्यासारखा दिसला. त्यात प्रिंट काढणाऱ्याचा काही दोष नव्हता; फोटो शंभर टक्के मोठा करून न पाहताच मी शार्पनिंगचा जोर ठरवणारा अमाउंटचा स्लायडर १२० वर नेला होता.

रॉ फाइल मुळातच थोडी मऊ असते. नेहमीच्या बायर सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, त्यांतले निम्मे हिरवा आणि पाव-पाव लाल व निळा, आणि उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेबाने भरले जातात. माझ्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे लो-पास फिल्टरही आहे, जो मॉयरे, म्हणजे बारीक नक्षीवर उमटणारे खोटे पट्टे, टाळण्यासाठी बारीक तपशील मुद्दाम किंचित पसरवतो. जेपेग काढताना हा मऊपणा कॅमेरा स्वतःच झाकतो, रॉमध्ये मात्र ते काम आपल्याकडे येते.

लाइटरूम रॉ फाइल उघडतानाच अमाउंट ४०, रेडियस (कडेभोवतीची रुंदी) १.०, डिटेल (बारीक तपशिलावरचा भर) २५ आणि मास्किंग (शार्पनिंग कुठे लागू नये ते झाकणे) शून्य असे आकडे लावून देतो. यातले खरे हत्यार मास्किंग आहे. आल्ट दाबून तो स्लायडर सरकवला, की चित्र काळे-पांढरे होते आणि जिथे पांढरे दिसेल तिथेच शार्पनिंग लागते. धीवराची चोच, डोळा आणि पंखांच्या कडा पांढऱ्या राहून मागचे पाणी काळे होईपर्यंत मी तो नेतो, त्यामुळे पाण्यातला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, उठून दिसत नाही. इतकी सोपी सोय इतर दोघांत मला सापडली नाही. पैसे मात्र वर्गणीच्या रूपाने भरतच राहावे लागतात.

पिसांच्या तपशिलात बाजी मारली ती फुकट मिळणाऱ्या रॉथेरपीने. २०२० मध्ये आलेल्या ५.८ आवृत्तीपासून त्यात कॅप्चर शार्पनिंग आहे. ते डीमोझेइकनंतर, म्हणजे उरलेले रंग भरण्याच्या पायरीनंतर लगेच, टोन आणि कॉन्ट्रास्टला हात लागण्यापूर्वीच चालते, आणि किती रेडियस लागेल हे रॉ माहितीवरूनच स्वतः ठरवते. कडांचा कॉन्ट्रास्ट नुसता वाढवण्याऐवजी पसरलेला तपशील परत गोळा करण्याची ही पद्धत असल्याने माझ्या फाइलवर छातीवरच्या काळ्या पट्ट्यातली पिसे सुटी दिसली आणि पांढरी रेघ जवळजवळ आली नाही. मांडणी मात्र अशी, की पहिले दोन दिवस नुसते टॅब शोधण्यात जातात.

डार्कटेबलही फुकट आहे, आणि ३.८ आवृत्तीपासूनचे त्यातले ‘डिफ्यूज ऑर शार्पन’ हे मॉड्यूल तिघांतले सर्वांत ताकदवान म्हणावे लागेल. लो-पास फिल्टर असलेल्या आणि नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी त्यात वेगवेगळे प्रीसेट तयार मिळतात. पण ते प्रोसेसरचा घाम काढते, आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर बसूनही माझा जुना लॅपटॉप ते चालवताना हाताला चटका देत होता. ज्याच्याकडे चांगले ग्राफिक्स कार्ड आहे त्याने ते जरूर वापरावे.

त्याच मे महिन्यात दुपारी पलीकडच्या काठावरचा एक बगळा टिपला, तेव्हा तिन्ही एडिटर सारखेच हरले. पाण्यावर थरथरणाऱ्या उन्हाच्या झळांनी जो तपशील लेन्सपर्यंत पोहोचूच दिला नाही, तो कोणताही स्लायडर आणू शकत नाही. सकाळी सहाला जाणे हाच उपाय.

सध्या मी पक्ष्यांचे फोटो रॉथेरपीत फक्त कॅप्चर शार्पनिंग लावून १६ बिट टिफ म्हणून काढतो आणि ते टिफ लाइटरूममध्ये घेतो. टिफवर लाइटरूम आपणहून शार्पनिंग लावत नाही, त्यामुळे ते दुप्पट होण्याची भीती नसते. एक्स्पोर्ट करताना प्रिंटसाठीच्या शार्पनिंगमध्ये मॅट पेपर आणि स्टँडर्ड एवढेच निवडतो. धीवराची नवी प्रिंट तशीच काढली, आणि पांढरी रेघ आहे की नाही हे पाहायला या वेळी भिंग आणावे लागले.