लाल वीट की फ्लाय ॲशची? नागपूरजवळच्या भट्टीवाल्यासाठी

पर्यावरणाच्या प्रेमापोटी कुणी भट्टी विझवून फ्लाय ॲशच्या (वीज केंद्रात कोळसा जळून उरणाऱ्या बारीक राखेच्या) विटांचं मशीन बसवल्याचं मी ऐकलेलं नाही. हिशेब फिरतो तेव्हा माल फिरतो. कोराडी, खापरखेडा, मौद्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या पट्ट्यात हिशेब सध्या राखेकडे झुकलाय.

भट्टीला मशीनचा खर्च नाही, पण माणसं फार. आधी मजुरांना उचल, दिवाळीनंतर विटा पाडणं सुरू, पावसाळ्यात काम बंद. अवकाळी आला तर कच्च्या विटांचा चिखल. शिवाय केंद्राच्या फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेनुसार भट्टी झिगझॅग (गरम हवा विटांमधून नागमोडी फिरवणारी) किंवा व्हर्टिकल शाफ्ट (उभ्या धुराड्यासारख्या खोलीत विटा भाजणारी) पद्धतीची हवी, नाहीतर पाइपच्या गॅसवरची. म्हणजे लाल विटेत राहायचं तरी पैसा ओतावा लागणारच.

फ्लाय ॲशला जाळ लागत नाही. राख, दगडाची चुरी, सिमेंट कालवून प्रेस मारायची, मग दोन-तीन आठवडे पाणी मारायचं. शेड असेल तर पावसाळ्यातही काम चालतं. वीज गेली की मात्र सगळे बसून.

खरी गोम राखेत आहे. सायलोतली (वीज केंद्राच्या बंद टाकीतली) कोरडी राख बारीक असते, वीट घट्ट येते. राखतलावातली (पाण्याबरोबर तळ्यात सोडलेली) जाडीभरडी, तिचा ओलावा रोज वेगळा. मिश्रण हुकतं आणि कडा झडतात. डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेनं वीज केंद्रांवर सगळी राख वापरात आणण्याचं बंधन घातलंय. (जुलै 2022 मध्ये खसाळ्याचा राखतलाव फुटला, तेव्हा ती साठवून ठेवणं किती महागात पडतं ते नागपूरनं पाहिलंच.) त्यामुळे राख मिळेल, कोरडीच मिळेल असं नाही, तिच्यावर सिमेंट कंपन्यांचाही डोळा असतो.

गिऱ्हाईक कोण, हेही बघा. सरकारी कामं आणि बिल्डर फ्लाय ॲश घेतात. वीट एकसारखी असल्यानं प्लास्टर कमी लागतं. खेड्यात घर बांधणारा अजून दोन विटा एकमेकींवर वाजवून बघतो, आणि राखेची वीट तशी खणखणत नाही. तुमचा माल काटोल-नरखेडच्या गावांतच खपत असेल, तर मी झिगझॅगच म्हणेन. शहरात जात असेल, तर मशीन घ्या.

बयाणा देण्याआधी कोरड्या राखेचं लेखी पक्कं करा. मशीनवाल्याच्या नमुन्यावर जाऊ नका. मिळणार तीच राख नेऊन विटा पाडा आणि 28 दिवसांनी लॅबमधून तपासून घ्या. चोवीस तास पाण्यात ठेवलेली वीट वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी प्यायली, तर आधी मिश्रण सुधारा, ऑर्डर नंतर.