धंतोलीतली गुदद्वाराची सोनोग्राफी : तपासणी चोख, रिपोर्ट त्रोटक

बाळंतपणात खाली फाटून टाके पडले आणि नंतर वारा किंवा शौच आवरेनासं झालं, किंवा भगंदराच्या ऑपरेशनआधी गुदद्वार आवळून धरणारा स्नायू (स्फिंक्टर) किती कापला जाईल हे ठरवायचं असलं, की सर्जन एंडोअ‍ॅनल सोनोग्राफी लिहून देतात. नागपुरात सोनोग्राफीच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत, पण यासाठी लागणारा प्रोब (आत घालायची दांडी) सगळ्यांकडे नसतो. म्हणून आधी फोनवर विचारावं: 360 अंशांचं चित्र देणारा एंडोअ‍ॅनल प्रोब आहे का? ‘टीव्हीएसचा आहे ना’ असं उत्तर आलं तर ती वेगळी, योनीमार्गातून करायची तपासणी. तो प्रोब बाहेरून टेकवूनही स्नायू दिसतात, पण मग रिपोर्टात तसं लिहिलेलं हवं.

धंतोलीतल्या एका सेंटरकडे ध्वनिलहरी सोडणाऱ्या फिरत्या क्रिस्टलचा थ्रीडी प्रोब आहे, बोटापेक्षा थोडा जाड. फ्रिक्वेन्सी 10 ते 16 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठेवतात, ते बरोबरच. स्फिंक्टरच्या दोन कड्यांतला आतला स्नायू जेमतेम 2-3 मिलिमीटरचा, पोटाच्या प्रोबच्या फ्रिक्वेन्सीला तो नीट उमटत नाही. उपाशी राहायची गरज नाही. भूलही लागत नाही. दोन तास आधी छोटा एनिमा देतात. नुसत्या स्फिंक्टरसाठी तो सक्तीचा नाही, पण मळ राहिला तर मागे सावल्या पडतात. आदल्या रात्री सावजी रस्सा चापून येऊ नये, एवढं पथ्य पुरे.

या सेंटरचे खरे गुण टेबलावर दिसतात. बायकांना डाव्या कुशीवर न ठेवता पाठीवर, पाय वर घेऊन तपासतात. कुशीवर पुढचा भाग एका बाजूला दबतो, आणि बाळंतपणातली जखम नेमकी पुढेच शोधायची असते. प्रोबवर चढवायच्या कंडोममध्ये आधी जेल भरून हवा बोटाने निपटून काढतात. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी त्याच्या मागे काळी पट्टी पडते आणि नवख्या डोळ्याला ती फाटलेला स्नायू वाटते. प्रोब प्यूबोरेक्टॅलिसच्या (गुदमार्गाला वरच्या टोकाशी मागून वेढणाऱ्या स्नायूच्या) वर नेऊन, न हलवता सगळा गुदमार्ग एकाच रेकॉर्डिंगमध्ये घेतात. एका मिनिटाच्या आत होतं. प्रोब तिरका धरला तर एक बाजू जाड आणि दुसरी पातळ दिसते, तसं इथल्या चित्रांत नाही.

चित्र वाचायला घड्याळ डोळ्यांसमोर आणा. 12 वाजता पुढची बाजू, 6 वाजता माकडहाड, 9 वाजता पेशंटची उजवी बाजू. मधल्या पातळीवर प्रोबला लागून अस्तराखालचा राखाडी थर, मग आतल्या स्नायूचं ठळक काळं कडं, त्याबाहेर उभ्या स्नायूचा पातळ उजळ थर आणि सगळ्यात बाहेर बाह्य स्फिंक्टरचं रुंद, पांढुरकं, थोडं रेघारेघांचं कडं. वर गेलं की बाह्य कड्याच्या जागी प्यूबोरेक्टॅलिस दिसतो, मागून वेढा घालणारा आणि पुढे उघडा, इंग्रजी यू अक्षरासारखा. अगदी खाली काळं कडं संपतं, उरतो फक्त बाह्य स्फिंक्टरचा त्वचेखालचा भाग. आतला स्नायू वयानुसार जाड होतो, त्यामुळे सत्तरीत साडेतीन मिलिमीटर मोजला तर लगेच घाबरू नये.

फसगत होते ती दोन ठिकाणी. बायकांमध्ये बाह्य स्फिंक्टर पुढून आखूड असतो. वरच्या पातळीवर 12 वाजता तो दिसतच नाही आणि ती पोकळी नैसर्गिक असते. तिथेच थांबून ‘पुढे फाटला आहे’ असं लिहिलं की बाई विनाकारण ऑपरेशनच्या दारात उभी राहते. प्रोब काही मिलिमीटर खाली ओढला की कडं जुळताना दिसतं, आणि थ्रीडीत उभा छेद घेतला की शंकाच उरत नाही. दुसरी जागा 6 वाजताची. तिथला माकडहाडाकडे जाणारा बंध काळसर त्रिकोणासारखा दिसतो आणि हुबेहूब चिरेसारखा भासतो. खरी फाट असली तर काळ्या कड्याला सलग खंड पडतो, टोकं मागे सरकतात आणि उरलेला भाग समोरच्या बाजूला जाडसर होतो. बाह्य स्नायूत मात्र व्रणाचा काळपट, बेढब डाग दिसतो, म्हणून तिथे जास्त अनुभव लागतो.

इतकं नीट रेकॉर्ड करून रिपोर्ट मात्र एका ओळीचा: ‘दोन्ही स्फिंक्टर नॉर्मल’. हे पटत नाही. वरची, मधली, खालची अशा तिन्ही पातळ्यांवर काय दिसलं, आतल्या स्नायूची जाडी किती, पुढच्या बाह्य स्फिंक्टरची लांबी किती, फाट असली तर घड्याळाच्या कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत, किती अंश, किती लांब, हे सर्जनला हवं असतं. ‘11 ते 1’ एवढ्या दोन शब्दांवर दुरुस्तीचा बेत बदलतो. भगंदर असेल तर आतलं तोंड किती वाजता आहे आणि मार्ग स्नायूच्या कोणत्या थरातून जातो, हेही आलं पाहिजे. भगंदराच्या बाहेरच्या तोंडातून नळीने हायड्रोजन पेरॉक्साइड सोडलं की मार्ग चित्रात चकाकतो. ती सोय इथे आहे, पण मागितल्याशिवाय करत नाहीत.

चित्रं थर्मल कागदावर मिळतात. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलीत तर आठवड्यात काळी पडतील. त्यापेक्षा पूर्ण थ्रीडी रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घ्या, आणि ते उघडायचं सॉफ्टवेअरही त्यात टाकून मागा, नाहीतर सर्जनच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडणारच नाही.

पार्किंगची धंतोलीत आशा धरू नये, मेट्रोने काँग्रेस नगरला उतरून चालत यावं. बायकांसाठी महिला मदतनीस असते, पण अपॉइंटमेंट घेतानाच सांगून ठेवा. ताजं फिशर असेल आणि बोटही सहन होत नसेल, तर प्रोबचा हट्ट न करता बाहेरून टेकवून करायची सोनोग्राफी मागा. ती याच खोलीत, त्याच दिवशी करून देतात.