बिल मदरबोर्डचं, गायब झालं पॅनेल

झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप पुन्हा उघडला तर पडदा काळाच. पंखा फिरतोय, पॉवरचा दिवा लागलाय, कॅप्स लॉक दाबलं की त्याचा दिवा लागतो-विझतो. दुरुस्तीला दिला तर उभ्या उभ्या निदान झालं, "बोर्ड गेलाय." बोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी आतली मुख्य सर्किटची पाटी, बदलल्याचं बिल फाडलं, लॅपटॉप चालू होऊन हातात आला आणि ग्राहक खूश होऊन घरी गेला. नंतर रंग विचित्र दिसतात म्हणून दुसऱ्या कारागिराने तोच लॅपटॉप उघडला, तेव्हा बोर्ड जुनाच निघाला. आतलं चांगलं फुल एचडी आयपीएस पॅनेल (कुठूनही पाहिलं तरी रंग नीट दाखवणारा पडदा) मात्र गेलं होतं आणि त्याच्या जागी हलकं टीएन पॅनेल (बाजूने पाहिलं की रंग बिघडणारा पडदा) बसवलेलं होतं. म्हणजे चुना दोनदा लागला.

हा प्रकार चालतो तो एकाच गोष्टीवर. पडदा काळा दिसायला कारणं अनेक असतात, पण बाहेरून सगळी सारखीच दिसतात. विंडोज स्लीपमधून नीट जागं झालेलं नसतं, ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावर चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर) अडकलेला असतो, बिजागरीतून जाणारी डिस्प्ले केबल तुटलेली असते, बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) गेलेला असतो, झाकण मिटलंय का हे ओळखणारा सेन्सर गडबडलेला असतो, रॅम सैल झालेली असते. बोर्ड या यादीत आहे, पण बराच खाली. वरच्या उदाहरणात कॅप्स लॉकचा दिवा दाद देत होता, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम बहुतेक शाबूत होते. अशा मशीनला न उघडता "बोर्ड गेला" म्हणणारा माणूस अडाणी तरी असतो किंवा लबाड.

लॅपटॉप कोणाच्याही हातात देण्याआधी घरीच एवढं करून बघा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. एक बारीक बीप येऊन पडदा लुकलुकला, तर ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू झाला आणि दुखणं तिथेच होतं. काही झालं नाही तर चार्जर, माऊस, पेनड्राइव्ह सगळं काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवर बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. मग नुसता चार्जर लावून चालू करा. जतन न केलेलं काम यात जातं, पण स्लीपमध्ये अडकलेलं मशीन बरेचदा एवढ्यावर उठतं. हे वारंवार होत असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) बंद करा आणि ग्राफिक्स ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या.

तरीही काळोखच असेल, तर खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारा. लॉगिनचं चित्र अंधुक का होईना दिसलं, तर पॅनेल चित्र काढतंय, फक्त बॅकलाइट लागत नाहीये. त्यानंतर एचडीएमआय केबलने टीव्ही किंवा मॉनिटर जोडा. तिकडे स्वच्छ चित्र आलं तर रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स आणि डिस्क ठीक आहेत. बिघाड पॅनेल, केबल, सेन्सर किंवा बोर्डावरच्या बॅकलाइटच्या छोट्या सर्किटपुरता आहे. या टीव्हीवरच्या चित्राचा फोटो काढून ठेवा. पूर्ण बोर्ड बदलायची भाषा करणाऱ्यासमोर तो ठेवला की बोलण्याचा सूर पटकन बदलतो. बाहेरही चित्र नाही आणि पॉवरचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकतोय, तर ती लय मोजा. डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये २ पिवळे आणि ३ पांढरे म्हणजे रॅम सापडत नाही, २ पिवळे आणि ७ पांढरे म्हणजे पडद्याचा बिघाड. डेलमध्येच डी दाबून धरून पॉवर दिली की पॅनेल एकामागून एक सपाट रंग दाखवतं. ते रंग नीट दिसले तर पॅनेल बदलायचं कारणच उरत नाही.

झाकणाच्या सेन्सरवरून तर फुकटची बिलं निघतात. पडद्याच्या चौकटीत एक छोटं चुंबक असतं आणि खाली कीबोर्डच्या बाजूला सेन्सर. चुंबकाचा पट्टा असलेलं घड्याळ किंवा फोनचं कव्हर तिथे आलं, किंवा लॅपटॉप दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवला, तरी मशीनला झाकण मिटल्यासारखं वाटतं आणि पडदा विझतो.

बॅकलाइटचा बिघाड हा लुटीचा खास अड्डा. बोर्डावर त्याच्या वाटेत तांदळाच्या कणीएवढा एक फ्यूज असतो. पॅनेल आणि केबलमध्ये शॉर्ट नाही ना हे आधी मीटरने तपासून तो बदलला की काम होतं. न तपासता बदलला तर नवाही उडतो. ग्राहकाला मात्र अख्खं पॅनेल किंवा बोर्ड लावला जातो. कधी हा फ्यूज दुकानातच उडतो. डिस्प्लेच्या कनेक्टरमधून पॅनेलचा ३.३ व्होल्टचा पुरवठा आणि बॅकलाइटचा त्याहून बराच जास्त पुरवठा एकत्र जातो. बॅटरीचा कनेक्टर न काढता ती केबल तिरकी ओढली की संपलंच. कारागीर आधी बॅटरी सोडवतो की थेट पडद्याला हात घालतो, एवढं पाहिलं तरी त्याचा हात कसा आहे ते कळतं.

आता बदलाबदली. पॅनेलच्या मागच्या लेबलवर कंपनी आणि मॉडेल छापलेलं असतं, पण त्यासाठी चौकट उघडावी लागते. न उघडताही कळतं: डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटर, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. तिथे एयूओ, बीओई, सीएमएन, एलजीडी अशी पॅनेल बनवणाऱ्या कंपनीची तीन अक्षरं आणि पुढे कोड असतो. लॅपटॉप ठणठणीत असतानाच तो कोड, रॅम किती, डिस्कचं मॉडेल आणि अनुक्रमांक यांचे फोटो काढून ठेवावेत. पॅनेल काळं पडल्यावर टीव्हीवर पाहताना कधी आतल्या पॅनेलची नोंदच दिसत नाही. परत घेताना रिझोल्यूशन बघा. १९२० × १०८० असलेला पडदा १३६६ × ७६८ वर आला तर तिथेच विचारा. टीएन पॅनेल ओळखायला झाकण मागेपुढे करा. खालून पाहिल्यावर रंग उलटे, निगेटिव्हसारखे झाले तर ते आयपीएस नाही.

बोर्ड बदलला असेल तर त्याच्या खुणा राहतात. केबलने जोडायच्या नेटवर्क पोर्टचा मॅक पत्ता (त्या पोर्टचा ओळख क्रमांक) बोर्डाबरोबर बदलतो. वायफायचं कार्ड सुटं असेल तर त्याचा पत्ता तोच राहतो, त्यामुळे तो पुरावा नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर नव्या बोर्डावर विंडोज रिकव्हरी की मागतं, कारण कुलपाची किल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये असते. बोर्ड "बदलूनही" नेटवर्क पोर्टचा पत्ता तोच आणि विंडोज निमूट सुरू होतंय, तर बोर्ड जागचा हललेला नाही. बोर्ड खरोखरच बदलणार असतील, तर ती ४८ अंकी की आधी शोधून ठेवा. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि तिच्याशिवाय डेटा हाती लागत नाही.

ग्राफिक्सची चिप गरम हवेने तापवून मशीन उठवण्याची एक जुनी युक्ती आहे. पडदा येतो, काही दिवस चालतो, पुन्हा काळा पडतो. ती दुरुस्ती नव्हे, आणि असलं काम नव्या बोर्डाच्या भावात विकलं जातं.

देताना पावतीवर पॅनेलचा कोड, रॅम, डिस्कचा अनुक्रमांक आणि "जुना भाग परत" हे शब्द लिहून घ्या. लॉगिनचा पासवर्ड देऊ नका. पडदा तपासायला लॉगिनपर्यंतचं चित्र पुरतं. डिस्क निघणारी असेल तर काढून घरी ठेवा, बायोसचा (विंडोजच्या आधीच्या सेटिंग्जचा) पडदा तिच्याशिवायही येतो. आणि जुना बोर्ड परत मागितल्यावर "कंपनीला पाठवला" असं उत्तर आलं, तर पैसे देण्याआधी मागचं झाकण समोर उघडायला लावा. नवा बोर्ड बसवायला पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा भाग) काढावाच लागतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वाळून खडखडीत झालेली असेल आणि हीटसिंकच्या स्क्रूवर धुळीचा थर तसाच असेल, तर तिथे कोणी हात लावलेला नाही.