की-६७ की पी-५३?

मूत्राशयाचा कर्करोग स्नायूपर्यंत पोचलेला नसेल, तर खरी धास्ती तो परत येण्याची, वाढण्याची. ती किती, याचा अंदाज गाठीतल्या कुठल्या प्रथिनावरून बांधायचा, की-६७ की पी-५३, हा प्रश्न. की-६७ हे प्रथिन विभाजनात गुंतलेल्या पेशींतच दिसतं, विसावलेल्या पेशींत नाही. (नाव जर्मनीतल्या कील शहरावरून!) गाठीच्या तुकड्यातलं हे प्रथिन रंगवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी झालेली केंद्रकं मोजायची, टक्का काढायचा. सोपं वाटतं, पण कुठला भाग मोजला यावर आकडा हलतो.

पी-५३ हे प्रथिन म्हणजे पेशीचक्राचा (पेशी वाढून विभागण्याच्या क्रमाचा) ब्रेक. तेही असंच रंगवून बघतात. धडधाकट पी-५३ लवकर नष्ट होतं, बिघडलेलं बहुधा साचतं. म्हणून गडद रंग म्हणजे बिघाड. पण प्रथिन बनणंच थांबलं तर रंगच येत नाही आणि बिघाड नजरेतून सुटू शकतो. म्हणून माझा कल की-६७ कडे. अर्थात उपचार ठरवताना डॉक्टर आधी गाठींची संख्या, आकार, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) आणि टप्पा (रोग किती पसरला) हेच बघतात.