गृहकर्ज लवकर फेडायचं असेल तर स्प्रेडशीटच घ्या

गृहकर्ज मुदतीआधी संपवायचं असं आम्ही ठरवलं, तेव्हा खर्चाचा हिशेब ठेवणारी अ‍ॅप्स फोनवर आली आणि गेली. टिकली ती साधी स्प्रेडशीट. अ‍ॅप मागच्या महिन्यात पैसा कुठे गेला ते रंगीत वर्तुळ काढून छान दाखवतं. पण आम्हाला वेगळंच विचारायचं होतं: हा एक खर्च बंद केला, तर कर्ज किती महिने आधी फिटेल? हे ज्या साधनाला सांगता येतं, तेच काटकसर करणाऱ्या घराच्या उपयोगाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून हे परीक्षण स्प्रेडशीटचं आहे. ती मी घरच्या अर्थमंत्र्याच्या भूमिकेतून वापरते आहे आणि मनापासून वापरते आहे.

कुठली घ्यायची हा प्रश्न दुय्यम आहे. एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस कॅल्क या तिन्हींमध्ये कर्जाची मुख्य सूत्रं त्याच नावांची आहेत आणि तशीच चालतात. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 1979 मध्ये व्हिजिकॅल्क हे सुरुवातीचं स्प्रेडशीट सॉफ्टवेअर आणलं, तेव्हापासून या साधनाचा गाभा एकच आहे: एक आकडा बदला, त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलतात. कर्जाच्या बाबतीत हाच गुण कामी येतो.

सुरुवात कोष्टकापासून करा. पहिला हप्ता गेला त्याच आठवड्यात मी ते मांडलं. एक ओळ म्हणजे एक महिना. रकाने पाच: सुरुवातीची शिल्लक, हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल, उरलेली शिल्लक. आमचं कर्ज 20 वर्षांचं, दर 8 टक्के, म्हणजे 240 ओळी. पहिली ओळ लिहायची आणि खाली ओढायची, बास. एक्सेलमध्ये तयार नमुनाही मिळतो आणि त्यात जादा रक्कम भरण्याचा रकानाही असतो. तरीही स्वतः मांडा असंच मी सांगेन. व्याज म्हणजे शिल्लक गुणिले वार्षिक दराचा बारावा भाग, हे एकदा स्वतःच्या हाताने लिहिलं की कर्जाचं गूढ संपतं.

कोष्टक पूर्ण झालं आणि मी नवऱ्याला हाक मारली. पहिल्या हप्त्यातला जवळजवळ 80 टक्के भाग व्याजाचा होता. हप्त्यात व्याजापेक्षा मुद्दल जास्त व्हायला 11 वर्षं उलटून जावी लागत होती. 10 वर्षं इमानेइतबारे हप्ते भरल्यावरही 69 टक्के कर्ज शिल्लक. आणि शेवटच्या ओळीपर्यंतची बेरीज मूळ कर्जाच्या दुप्पट. यात कोणाची लबाडी नाही. शिल्लक मोठी असते तोवर तिचं व्याजही मोठं असतं, आणि हप्ता आधी ते व्याज फेडतो. पण हे ऐकून माहीत असणं आणि आपल्याच कर्जाच्या ओळींत दिसणं यात फार अंतर आहे. त्या रात्री आमच्या घरात काटकसरीची गरज कोणाला पटवून द्यावी लागली नाही.

आता खरं रत्न: एनपीईआर हे सूत्र. त्याला मासिक दर, हप्ता आणि शिल्लक दिली की किती हप्ते उरलेत ते सांगतं. मी दुसऱ्या पानावर घरातल्या दर महिन्याच्या खर्चांची यादी केली. प्रत्येक खर्चासमोर, तो वाचवून हप्त्यात घातला तर कर्ज किती महिन्यांनी कमी होईल, हे एनपीईआरने काढलं. रकान्याला नाव दिलं ‘महिने’. पैशांचा रकाना मी मुद्दाम बाजूला ठेवला. छोट्या रकमेकडे बघून माणूस म्हणतो, एवढ्याशाने काय होणार? महिन्यांकडे बघून तसं म्हणवत नाही. हप्त्याच्या फक्त 1 टक्क्याएवढी रक्कम दरमहा पहिल्यापासून जादा भरली, तर 20 वर्षांच्या कर्जातले पावणेसहा महिने जातात. 5 टक्के भरले तर दोन वर्षांहून थोडं जास्त. 10 टक्के भरले तर 46 महिने, म्हणजे चार वर्षांना दोनच महिने कमी, आणि व्याजात वाचणारी रक्कम मूळ कर्जाच्या 22 टक्के.

आमच्या यादीत कोणीही न बघितलेले तीन मासिक वर्गणीचे खर्च निघाले. तिन्ही मिळून हप्त्याचा 1 टक्का. ते त्याच दिवशी बंद झाले. बाहेरचं खाणं निम्मं केलं, त्यातून 3 टक्के. खरी चर्चा झाली ती दुसऱ्या गाडीवर. इंधन, विमा, दुरुस्ती, गाडी उभी करायची जागा या सगळ्याची मासिक सरासरी काढली तर ती हप्त्याच्या 8 टक्के भरली. वेगवेगळ्या तारखांना वेगवेगळ्या खिशांतून जाणारा हा पैसा एका आकड्यात आम्ही कधी बघितलाच नव्हता. समोर लिहून आलं: 38 महिने. नवऱ्याचा त्या गाडीवर जीव होता. तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “तीन वर्षांची नोकरी आहे ही.” गाडी विकली. मिळालेली रक्कम थेट मुद्दलात भरली. त्या एकरकमी भरण्याचा फायदा वरच्या 38 महिन्यांत धरलेलाच नाही.

या पानाचं मला सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी. काय कापू नये, हेही ते सांगतं. सासूबाईंनी स्वतःहून विषय काढला होता. म्हणाल्या, “अगं, माझं वाचनालय आणि वर्तमानपत्र बंद कर, मला काही अडत नाही.” मी ते त्यांच्यासमोरच शीटमध्ये घातलं. उत्तर आलं पावणेदोन महिने. पावणेदोन महिन्यांसाठी एका बाईची रोजची सकाळ हिरावून घ्यायची नाही, हे ठरवायला आम्हाला क्षणही लागला नाही. लेकीचा पोहण्याचा वर्ग मात्र 11 महिन्यांचा होता. तोही आम्ही ठेवला, पण विचार करून, किंमत माहीत असताना ठेवला. सरसकट सगळ्या खर्चांना कात्री लावणारी घरं सहा महिन्यांत थकतात आणि जुन्या सवयींवर परत येतात. मोठे दोन-तीन खर्च पकडायचे आणि बाकी घराला मोकळा श्वास घेऊ द्यायचा, ही शिस्त आम्हाला या रकान्यानेच लावली.

एक गोष्ट नीट समजून घ्या. या रकान्यातले महिने एकमेकांत मिळवायचे नाहीत. आमचे तीन खर्च सुटे सुटे बघितले तर 38, 16 आणि पावणेसहा, म्हणजे साठ-एक महिने होतात. पण तिन्ही मिळून हप्ता 12 टक्क्यांनी वाढवला की एनपीईआर सांगतं जवळजवळ 53 महिने. कारण उघड आहे. पहिल्या बचतीने कर्ज आखूड केलं की दुसऱ्या बचतीला वाचवायला व्याजच कमी उरतं. म्हणून सगळ्यात खाली एक वेगळी ओळ ठेवा. तिथे सगळ्या बचतींची बेरीज एकाच सूत्रात घाला. तोच आकडा खरा. 53 महिने हेही काही थोडं नाही.

उलटा प्रश्नही विचारता येतो आणि तो विचाराच. कर्ज 15 वर्षांत संपवायचं तर हप्ता किती हवा? पीएमटी या सूत्रात 240 च्या जागी 180 घाला. आमच्या दराला उत्तर येतं आताच्या हप्त्याहून सव्वाचौदा टक्के जास्त. चौदा टक्क्यांत पाच वर्षं! हा आकडा कळल्यापासून पगारवाढीचा पहिला वाटा कशाला जायचा, हे घरात ठरलेलं असतं.

वेळेचं महत्त्वही इथेच कळलं. तोच 10 टक्के जादा भरणा पहिल्या वर्षाऐवजी अकराव्या वर्षी सुरू केला, तर 46 ऐवजी 16 महिनेच कमी होतात. अगदी सुरुवातीला भरलेला एक जादा हप्ता शेवटचे जवळजवळ पाच हप्ते पुसतो. तोच दहाव्या वर्षाच्या शेवटी भरला तर दोनपेक्षा थोडे जास्त. नवीन कर्ज घेतलेल्या प्रत्येकाला मी हे दोन आकडे सांगते. हात तंग असतो तो याच वर्षांत, हे मला ठाऊक आहे. तरी जे काही जमेल ते याच वर्षांत भरा.

आता उणिवा. सूत्रांना चिन्हांचा सोस आहे. आलेला पैसा आणि गेलेला पैसा यांची चिन्हं विरुद्ध लागतात. एनपीईआरमध्ये हप्ता आणि शिल्लक दोन्ही अधिक चिन्हाने लिहिलं, तर आमच्या कर्जाचं उत्तर 240 ऐवजी उणे 88 येतं आणि शीट कसलीही तक्रार करत नाही. नवख्या माणसाने इथे घाबरून सोडून देऊ नये. हप्ता उणे लिहायचा, एवढंच. वार्षिक दराला 12 ने भागायचं, हेही आपणच लक्षात ठेवायचं. हप्ता व्याजापेक्षाही कमी पडला तर एक्सेल ‘#NUM!’ अशी चूक दाखवतं. त्याचा अर्थ एवढाच की अशा हप्त्याने कर्ज कधीच फिटणार नाही. हे शीटने शब्दांत सांगायला हवं होतं.

त्याहून मोठी उणीव म्हणजे शीटला घर कळत नाही. अडीअडचणीसाठी काही महिन्यांचा खर्च हाताशी असायला हवा, हे तिला माहीत नाही. ती म्हणेल, सगळं मुद्दलात टाका. टाकू नका. मुद्दलात गेलेला पैसा आजारपणात सहजासहजी परत मिळत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा जास्त व्याजाचं दुसरं कर्ज असेल तर आधी ते संपवा. गृहकर्जाचा दर बहुधा त्यांच्याहून कमी असतो. मुदतीआधी पैसे भरल्यास शुल्क लागतं का, करसवलत कमी होते का, हे आपल्या करारात आणि आपल्या देशाच्या नियमांत बघा. लागत असेल तर ते शुल्क शीटमध्ये एका चौकटीत लिहा आणि बचतीतून वजा करा. दर बदलता असेल तर दराचाही स्वतंत्र रकाना ठेवा, प्रत्येक ओळीत. एकाच चौकटीत दर ठेवला तर तो बदलल्यावर मागचा सगळा हिशेबही बदलून जातो.

तिन्हींतलं कुठलं, याचं थोडक्यात उत्तर. घरातले दोघं-तिघं मिळून भरणार असाल तर गूगल शीट्स. आम्ही त्याला गूगल फॉर्म जोडला आहे: रक्कम, कशासाठी, कोणी. दुकानातून बाहेर पडताना फोनवर भरला की ओळ शीटमध्ये येते. आपोआप वर्गवारी करणाऱ्या अ‍ॅपपेक्षा मला हे हाताने भरणं जास्त आवडतं, कारण लिहिताना तो खर्च एकदा नजरेखालून जातो. इंटरनेटवर हिशेब ठेवायला मन धजत नसेल तर लिब्रेऑफिस. ते फुकट आहे, सगळं आपल्याच संगणकावर राहतं, आणि हवं ते उत्तर देऊन मूळ आकडा शोधणारं ‘गोल सीक’ त्यातही आहे. एक्सेल आधीपासून घरात असेल तर दुसरं काही शोधू नका.

महिन्यातून एकदा कर्जाच्या खात्यातली शिल्लक आणि शीटमधली शिल्लक शेजारी ठेवून बघा. व्याज दिवसांवर मोजलं जात असेल तर किरकोळ फरक येईल, त्याची काळजी नको. पण जादा रक्कम भरल्यावर खास बघायचं ते हे: मुदत कमी झाली, की मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला? जादा भरणा केल्यावर अनेकदा या दोन्हींतलं एक निवडावं लागतं, आणि न सांगता सोडलं तर दुसरंच होऊन बसू शकतं. हप्ता कमी झाला आणि सुटलेला पैसा खर्चात गेला, तर ‘महिने’ या रकान्यातला एकही आकडा खरा ठरत नाही. म्हणून भरतानाच लेखी सांगा: हप्ता तोच, मुदत कमी. आणि पुढच्या महिन्याच्या विवरणात तसं झालंय का ते तपासा.