हांगझोऊचं हू छिंग यू थांग : हशौवू मागितलं, मिळालं नाही, तरी पाच तारे

चीनमध्ये केस पिकायला लागले की कुणीही सुचवतं, हशौवू ही औषधी मुळी घे. सुपरमार्केटात त्याचा शाम्पू मिळतो, काळ्या तिळाबरोबर केलेली पूडही मिळते. मला मात्र मूळ औषधच हवं होतं. म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीला दुभाषी म्हणून घेऊन वूशान टेकडीच्या पायथ्याशी असलेलं हू छिंग यू थांग हे चिनी औषधांचं जुनं दुकान गाठलं. व्यापारी हू श्वेयान यांनी ते १८७४ मध्ये काढलं. गिऱ्हाइकाला दिसते ती पाटी सांगते, 'खरा माल, एकच भाव'. 'फसवू नका' ही पाटी मात्र आतल्या बाजूला, नोकरांना दिसेल अशी लावलेली आहे.

हशौवू ही वेल. पानं गुळवेलीसारखी बदामाच्या आकाराची, औषधात जातं ते गाठाळ मूळ. कच्चं मूळ पोट साफ करायला देतात. तेच काळ्या सोयाबीनच्या रसात मुरवून वाफवलं की काळपट होतं, आणि चिनी वैद्यकाच्या मते मग ते यकृत-मूत्रपिंडाला बळ देतं, केस काळे ठेवतं. ही ख्याती तांग राजवटीपासूनची (सातवं ते दहावं शतक).

इथे वैद्यही बसतात. मला तपासणाऱ्या वैद्यबाईंनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारलं, यकृताची तपासणी केली आहे का? गेल्या वर्षी एसजीपीटी (रक्ततपासणीत दिसणारं यकृताचं एन्झाइम) वाढलं होतं, असं सांगताच त्यांनी हशौवू द्यायला साफ नकार दिला. या मुळाने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, आणि २०१४ मध्ये चीनच्या औषध प्रशासनानेही तसा इशारा दिला होता. शेजारच्या काउंटरवर वाफवलेल्या मुळाचे काप समोर दिसत होते, आणि या बाई मला ते विकायला तयार नव्हत्या! मला फार बरं वाटलं.

मैत्रिणीची तक्रार झोपेची. तिला याच वेलीचं खोड मिळालं, इतर औषधांसोबत काढ्यासाठी. खोडाची नेहमीची मात्रा दिवसाला ९ ते १५ ग्रॅम. तिला झोप बरी लागते म्हणते, पण तिने संध्याकाळचा चहाही सोडलाय, त्यामुळे श्रेय नक्की कुणाला द्यायचं कळत नाही.

खटकलं ते एकच : पुढच्या दालनात जिनसेंगच्या भेटपेट्यांचा फार आग्रह होतो. तिथे न रेंगाळता सरळ वैद्यांकडे जा. चिनी बोलणारं कुणी सोबत असू द्या आणि रक्ताचे रिपोर्ट न्यायला विसरू नका.