न घडलेली आठवण: संमोहनाच्या नावाखाली झालेली आमची फसवणूक

मी आरोग्य सेविका आहे. औसा तालुक्यात लसीकरण, गरोदर बायांच्या नोंदी, घरभेटी हे माझं रोजचं काम. कोणी आजारी माणसाला भगताकडे न्यायला लागलं की मी भांडून त्याला दवाखान्यात आणते. तरी 2023 च्या सुरुवातीला लातूरच्या एका संमोहनवाल्यानं आम्हाला 71,000 रुपयांना फसवलं. लातुरात नीटच्या क्लाससाठी बाहेरगावची लेकरं खोल्या करून राहतात. त्यांच्या आईबापांच्या काळजीवरच अशा माणसांचं पोट चालतं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहायलेय.

लेक रिपीटर होती. पहिल्या खेपेला 720 पैकी 431 पडले होते. ती लातूरला माझ्या नणंदेकडे, आक्कांकडे राहायची. आक्का पहाटे उठून तिचा डबा करायच्या. दिवाळीनंतर तिची झोपच उडाली. सराव परीक्षेचा पेपर हातात आला की हात गार पडायचे. "मम्मी, वाचलेलं काहीच ध्यानात राहीना झालंय," म्हणून फोनवर रडायची. तेवढ्यात क्लासबाहेर तिला एक पत्रक मिळालं: स्मरणशक्ती शिबिर, प्रवेश मोफत.

शिबिर मंगल कार्यालयात होतं. त्या संमोहनवाल्यानं सगळ्यांना बोटांत बोटं गुंतवून हात वर ताणायला लावले, दहा आकडे मोजले आणि म्हणाला, "आता हात सुटणार नाहीत." ज्यांचे खरंच सुटले नाहीत त्यांना स्टेजवर बोलावलं. त्यात माझी लेक होती. मग एका पोराला दोन खुर्च्यांवर आडवं केलं, एकीवर मान, दुसरीवर टाचा, मधे काही आधार नाही. पोरगं फळीसारखं ताठ राहिलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या.

त्याचा गाळा भाड्याचा होता. आत निळा दिवा, मागं रेलायची खुर्ची, भिंतीवर इंग्रजी सर्टिफिकिटं आणि नावाआधी 'डॉ.'. सात बैठकांचे 21,000 सांगितले. पैसे फोनवरून पाठवले ते भलत्याच नावाच्या खात्यावर गेले. पावती मागितली तर म्हणाला, "बिल केलं तर जीएसटी तुमच्यावरच पडंल." एका छापील इंग्रजी कागदावर सही घेतली. फी परत मिळणार नाही असं त्यात होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पहिल्या तीन बैठकांनंतर लेकीला खरंच झोप लागायला लागली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आमचा भरवसा तिथंच बसला. चौथ्या बैठकीनंतर त्यानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. म्हणाला, अंतर्मनात लहानपणची एक गाठ आहे, ती सुटल्याशिवाय मार्क वाढणार नाहीत. त्यासाठी वेगळ्या बैठका, 35,000. भाव वाढंल म्हणून घरात ठेवलेलं 7 क्विंटल सोयाबीन ह्यांनी 5,200 च्या भावानं घातलं आणि पैसे भरले. तेव्हापासून मला बाहेर बसवायला सुरुवात झाली. "आई समोर असली की मन उघडत नाही," म्हणाला. दवाखान्यात बाईमाणसाची तपासणी असली की सोबत बाई पाहिजेच, हे मी रोज दुसऱ्यांना सांगते. माझ्या लेकीच्या वेळी मी बाहेर बाकड्यावर बसून राहिले.

तिसऱ्या खेपेला ती थरथरत बाहेर आली. "आत्यानं मला बळदात कोंडलं होतं. चार वर्षांची होते मी. ज्वारीचा वास येत होता." बळद म्हणजे जुन्या वाड्यातली धान्य साठवायची अंधारी जागा. वरून तोंड, आत काळोख. त्या दिवसापासून तिनं आक्कांचं घर सोडलं, होस्टेल धरलं. आक्का डबा घेऊन गेल्या तर ही खाली उतरली नाही. आणि मी आक्कांना एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटलं, त्यांच्या सासरच्या वाड्यात घडलं असंल. उलट 'जखम भरायच्या' बैठकांसाठी माझ्या पगारातले आणखी 15,000 त्याला दिले.

ह्यांना मी हे सांगितलंच नव्हतं, बहिणीचा विषय म्हणून. एका रात्री लेक सुट्टीला आलेली असताना तीच बोलून गेली. अंगणात लिंब, देवळीत गणपती, माडीला मोडकी पायरी, पायरीखाली बळद. हे जेवता जेवता थांबले. "हा तर आपला वाडा हाय," म्हणाले. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. तो वाडा 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात बसला. दगडमातीच्या जाड भिंती होत्या, त्यांच्याखालून माझ्या सासऱ्यांना काढावं लागलं. त्यानंतर आम्ही पुनर्वसनातल्या घरात आलो, तिथं बळद कुठलं? लेकीचा जन्म 2004 चा. तिनं तो वाडा पाहिलेलाच नाही. ऐकला होता, आजीच्या मांडीवर.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. घरी ऐकायला म्हणून त्यानं दिलेलं बैठकीचं रेकॉर्डिंग लेकीच्या फोनमध्ये होतं. डॉक्टर मॅडमनी ते आमच्यासमोर लावलं. "अंधार आहे ना तिथं? कोणी कोंडलंय? बाई आहे का माणूस? जवळची आहे ना? आईकडची का वडलांकडची?" लेक नुसती हूं हूं म्हणत होती. आत्या त्याच्या प्रश्नांतून आली होती.

मॅडमनी संमोहन थोतांड आहे असं म्हटलं नाही. जेम्स ब्रेड नावाच्या सर्जननं 1843 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्याकडं बंगालात हुगळीला जेम्स एस्डेल 1845 पासून क्लोरोफॉर्म येण्याआधी मेस्मेरिझम, म्हणजे संमोहनाचाच जुना प्रकार, करून ऑपरेशनं करायचा. आजही शिकलेले डॉक्टर दुखणं आणि चिंता यांवर इतर उपचारांच्या जोडीला ते वापरतात. पण त्या अवस्थेत निघालेली आठवण जास्त खरी नसते, माणसाला ती फक्त जास्त खरी वाटते. सुचवलेलं चटकन धरणारी माणसं कोण, हे हात न सुटण्यावरून कळतं. स्टेजवर त्याला तीच हवी होती. आणि दोन खुर्च्यांवर ताठ राहणं तर कोणत्याही धडधाकट पोराला थोडा वेळ जमतं, त्याला संमोहन लागत नाही.

मॅडमनी पहिला पाऊण तास नुसती माहिती विचारली. झोप, जेवण, पाळी, कधी फीट आली का, घरात कोणाला असा त्रास होता का. त्या माणसानं यातलं काहीच विचारलं नव्हतं. लेकीला परीक्षेची चिंता होती, तिच्यावर उपचार होते. केसपेपर काढला, गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं.

तुमच्या घरात असं लेकरू असंल तर पैसे काढायच्या आधी नोंदणी क्रमांक मागा. मानसोपचारतज्ज्ञ असंल तर वैद्यकीय परिषदेचा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असंल तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा. मार्कांची हमी देणारा, पावती न देणारा आणि तुम्हाला दाराबाहेर बसवणारा दिसला तर तिथून उठा. कोणाकडं जावं सुचत नसंल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आम्ही परत गेलो तेव्हा गाळ्याला कुलूप होतं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि ते रेकॉर्डिंग हाच आमचा पुरावा. तारखा चालू आहेत.

पंचमीला आक्का माहेराला आल्या. लेक त्यांच्या गळ्यात पडून रडली आणि आक्काही रडल्या. रात्री दोघी एकाच अंथरुणावर झोपल्या. पण ते बळद तिला अजून दिसतं. खोटं आहे हे तिला ठाऊक आहे, तरी दिवे गेले की ज्वारीचा वास येतो म्हणते.